इंजेक्टर क्लीनरची बाटली घेण्याआधी

गाडी सर्व्हिसिंगला दिली की ॲडव्हायझर यादी वाचता वाचता हळूच एक ओळ पुढे करतो : ‘फ्युएल ॲडिटिव्ह टाकायचं ना? इंजेक्टर क्लीन होतील, पिकअप सुधारेल.’ रक्कम लहान असते, त्यामुळे माणूस हो म्हणून मोकळा होतो. बाटलीत काय आहे, आपल्या इंजिनाला ते लागू पडतं का, किती टाकायचं, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. ऑनलाइन घ्यायला जावं तर तिथे पन्नास बाटल्या, आणि प्रत्येक बाटली ॲव्हरेज वाढवून द्यायला बसलेली.

पहिली गाडी घेतलेल्यांसाठी, किंवा जुनी गाडी घेऊन तिच्या दुखण्यांशी नुकतीच ओळख होत असलेल्यांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो. चांगली बाटली खरोखर काम करते, पण ती एकच काम करते, आणि बहुतेकांच्या गाडीची तक्रार त्या कामातली नसते. म्हणून बाटली निवडणं हे यातलं पहिलं पाऊल नाही.

इंजेक्टरला कचरा धरतो कधी?

इंजेक्टर म्हणजे कॉम्प्युटरच्या, म्हणजे ईसीयूच्या हुकमावर मिलिसेकंदांत उघडमिट करणारा झडपेचा नळ. त्याच्या टोकाला बारीक भोकं असतात. साध्या पेट्रोल गाडीत एकेका भोकाचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर असतो, आणि त्यातून पेट्रोल धुक्यासारखं फवारलं जातं. न्हाणीघरातल्या शॉवरला क्षार धरले की काही धारा वाकड्या जातात आणि काही बंद पडतात, तसंच इथेही होतं. फवारा बिघडला की थेंब मोठे पडतात, ते नीट जळत नाहीत. शिवाय चार सिलिंडरना सारखं पेट्रोल मिळेनासं होतं.

हा थर गाडी चालू असताना कमी धरतो. तो जास्त धरतो गाडी बंद केल्यावर. इंजिन बंद झालं की कूलंट फिरायचं थांबतं, पण तापलेल्या धातूतली उष्णता कुठे जात नाही. इंजेक्टरचं टोक उलट काही वेळ आणखी तापतं. त्या टोकाला जे थेंबभर पेट्रोल उरलेलं असतं, त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग डिंकासारखा चिकटतो. पुढच्या वेळी त्यावर आणखी एक पदर.

यावरून कोणाच्या गाडीला त्रास जास्त होणार हे कळतं. सकाळी मुलांना शाळेत सोडलं, गाडी बंद. मंडईत गेलो, गाडी बंद. दुपारी बँक, गाडी बंद. दिवसाला दहा किलोमीटर आणि पाच वेळा तापून बंद. याउलट रोज नाशिक–सिन्नर किंवा पनवेल–खोपोली एका दमात जाणाऱ्या गाडीचे इंजेक्टर लाखभर किलोमीटरनंतरही ठणठणीत असू शकतात.

पायरी पहिली : तक्रार इंजेक्टरचीच आहे का, हे बघा

इंजेक्टर चोंदल्याची लक्षणं अशी असतात : सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम खाते, चढावर मिसिंग मारते, थंड इंजिन पहिल्या सेलला उचलत नाही, ॲव्हरेज हळूहळू घसरतं. पंचाईत अशी की हीच लक्षणं थकलेल्या स्पार्क प्लगचीही असतात. इग्निशन कॉइलचीही, भरलेल्या एअर फिल्टरचीही, काळवंडलेल्या थ्रॉटल बॉडीचीही (इंजिनात किती हवा सोडायची ते ठरवणारी झडप). ॲव्हरेजच्या बाबतीत तर टायरमधली हवा हा पहिला संशयित. म्हणून आधी स्वस्त गोष्टी उरकाव्यात : हवा, एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडी. चार-पाच वर्षं जुने प्लग बदलल्यावर ‘इंजेक्टरची’ तक्रार गायब झालेल्या गाड्या कुठल्याही अनुभवी मेकॅनिकला विचारा, डझनाने सांगेल.

थोडं पुढे जायची तयारी असेल तर एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. त्यात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा एक आकडा दिसेल. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ठरवतो की नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडायचं. तो हिशेब म्हणजे हा आकडा. शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे सगळं ठीक. अधिक दहाच्या वर गेला तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. आकडा न्यूट्रलला मोठा असेल आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर बहुधा हवेची गळती. चढावर, भार असताना तो वाढत असेल तर इंजेक्टर, फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे बघा. पी०१७१ किंवा पी०३०० ते पी०३०४ यांपैकी बिघाडाचा कोड स्कॅनरवर दिसला तर तो लिहून ठेवा. पहिला ‘मिश्रण पातळ झालंय’ म्हणतो, बाकीचे ‘सिलिंडर मिस होतोय’ म्हणतात. कारण मात्र कुठलाच कोड सांगत नाही.

इथे ई२०चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, विषय काढावाच लागतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, आणि तेवढ्याच हवेत ते जास्त प्रमाणात लागतं. म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि ई१०च्या, म्हणजे दहा टक्केवाल्याच्या, मानाने तीन-चार टक्के. ई१०साठी बेतलेल्या गाडीत ई२० भरल्यावर फ्युएल ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर सरकला तर तो इंजेक्टरचा आजार नव्हे, रसायनशास्त्र आहे. ॲव्हरेजमधली तेवढी घट कुठल्याही बाटलीने भरून येणार नाही. जो दुकानदार येईल म्हणतो त्याच्याकडून पेट्रोलची बाटलीच काय, पाण्याचीही घेऊ नका.

आणि भेसळ. एखाद्या विशिष्ट पंपावर भरल्यापासूनच गाडी बिघडली असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो देणं पंपावर बंधनकारक आहे. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका. दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. तेलकट डाग राहिला तर रॉकेलसारखं काही मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे. घनताही विचारता येते. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरला ७२० ते ७७५ किलो या मर्यादेत असावी लागते, आणि त्या दिवसाची नोंद पंपावर लावलेली असते. भेसळीचं पेट्रोल टाकीत असताना वर क्लीनर ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

पायरी दुसरी : आपलं इंजिन कुठल्या जातीचं?

याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुकीच्या खरेद्या बहुतेक इथेच होतात.

साधं पोर्ट इंजेक्शन, ज्याला आपल्याकडे एमपीएफआय म्हणतात, त्यात इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, इनटेक व्हाल्व्हच्या मागे पेट्रोल फवारतो. दाब तीन-चार बार. वॅगन-आर, स्विफ्ट, टियागो, आय१०, अमेझ अशा रोजच्या पेट्रोल गाड्या या जातीच्या. मारुतीचं ‘ड्युअलजेट’ हे नाव ऐकून काहींना ते डायरेक्ट इंजेक्शन वाटतं. तसं नाही. तिथे सिलिंडरमागे दोन इंजेक्टर असतात, पण ते पोर्टमध्येच. या गाड्यांना टाकीतल्या क्लीनरचा सगळ्यात चांगला उपयोग होतो, कारण क्लीनर मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टरमधून जाताना त्याला धुतं आणि पुढे इनटेक व्हाल्व्हलाही धुतं.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत तोंड घालून बसलेला असतो. स्कोडा–फोक्सवॅगनची टीएसआय, ह्युंदाई–कियाची टी-जीडीआय, महिंद्राची टीजीडीआय ही या जातीची इंजिनं. दाब शंभर-दोनशे बारच्या घरात किंवा त्याहून वर, आणि टोक थेट आगीसमोर. इथे थर जास्त कडक बसतो, म्हणून क्लीनरही उच्च तापमान सोसणारा लागतो. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा : इथे पेट्रोल इनटेक व्हाल्व्हला स्पर्शच करत नाही. त्यामुळे व्हाल्व्हमागे साचलेला कार्बन टाकीत ओतलेल्या कुठल्याही बाटलीने निघत नाही. तो काढायला इनटेक मॅनिफोल्ड उघडावं लागतं. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा हवेच्या दाबाने मारून तो साफ करतात. ‘जीडीआय व्हाल्व्ह क्लीनर, टाकीत टाका’ असं लिहिलेली बाटली दिसली तर ती शेल्फवर परत ठेवा.

सीएनजीवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरीत निम्मी रांग सीएनजीची असते. त्यांच्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर असतातच, फक्त ते बसून असतात. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन थोड्याच वेळात गॅसवर जातात. टाटाच्या आयसीएनजी गाड्या तर थेट गॅसवरच सुरू होऊ शकतात. म्हणजे तापलेल्या इंजिनावर इंजेक्टर नुसताच शेकत राहतो, आतलं पेट्रोल हलत नाही, आणि टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने जुनं होत जातं. मग एखाद्या दिवशी गॅस संपतो, गाडी पेट्रोलवर टाकावी लागते, आणि ती झटके मारते. याचं औषध बाटलीत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवा, टाकीत थोडं-थोडं ताजं पेट्रोल भरत राहा. क्लीनर टाकलाच तर ती टाकी पेट्रोलवरच संपवा. क्लीनर टाकून गॅसवर फिरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारेही तेच.

डिझेलचं खाली वेगळं लिहिलं आहे. पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये चालत नाही, डिझेलची पेट्रोलमध्ये चालत नाही. ‘दोन्हींसाठी’ असं लिहिलेली बाटली मी तरी घेत नाही.

पायरी तिसरी : लेबल नव्हे, रसायन वाचा

बाटलीच्या पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत असतं ते जाहिरातीचं खातं. तुम्हाला हवं ते मागे असतं, किंवा कंपनीच्या वेबसाइटवर ‘सेफ्टी डेटा शीट’ या कागदात. त्या कागदाच्या तिसऱ्या भागात घटक दिलेले असतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी यादी तिथेच गळते.

शोधायचं नाव म्हणजे पॉलिइथर अमाइन, थोडक्यात पीईए. हे डिटर्जंट इंजेक्टरच्या टोकावरचा जुना, भाजलेला थर सोडवतं, जास्त तापमानाला टिकतं आणि काम झाल्यावर स्वतः बऱ्यापैकी स्वच्छ जळून जातं. शेवरॉनने ते टेक्रॉन या नावाने जगभर पोचवलं. गमआऊटचा रिगेन आणि रेडलाइनचा एसआय-१ हेही पीईएवरचेच. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीसाठी तर मी याखेरीज दुसरं काही सुचवणार नाही.

दुसरं नाव पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर आणि इनटेक व्हाल्व्ह स्वच्छ ठेवायला ते चांगलं, आणि स्वस्तही. पण जास्त मात्रेत ते ज्वलनकक्षात स्वतःचाच थर ठेवू शकतं. म्हणजे चालेल, पण दर टाकीला ओतत बसायचं नाही.

आणि तिसरा प्रकार : घटकांच्या यादीत नव्वद टक्क्यांच्या वर पेट्रोलियम डिस्टिलेट, नॅफ्था किंवा केरोसिन, आणि डिटर्जंटचा पत्ता नाही. वाहक द्रव म्हणून डिस्टिलेट प्रत्येक बाटलीत असतंच, त्यात वावगं काही नाही. पण त्याशिवाय काहीच नसेल तर तुम्ही सुबक बाटलीत महागडं रॉकेल विकत घेताय. काही कंपन्या डिटर्जंटचं नाव व्यापारी गुपित म्हणून झाकतात. तिथे निदान ‘अमाइन’ हा शब्द तरी दिसतो का ते बघावं. तोही नसेल तर दुसरी बाटली.

आपल्या बाजारात लिक्वी मोली, थ्रीएम, मोटूल, वुर्थ, ॲब्रो, एसटीपी अशी नावं सहज मिळतात. यातल्या प्रत्येक कंपनीच्या चार-पाच वेगवेगळ्या बाटल्या असतात. ‘फ्युएल सिस्टम क्लीनर’, ‘इंजेक्शन क्लीनर’, ‘फ्युएल ट्रीटमेंट’, ‘ऑक्टेन बूस्टर’ ही सगळी वेगवेगळी औषधं आहेत. ब्रँड बघून नव्हे, ती विशिष्ट बाटली बघून घ्या. किमती तीन-चारशे रुपयांपासून हजाराच्या वर जातात. महाग म्हणजे चांगली असं नाही. पण शंभर-दीडशेच्या मोठ्या बाटलीत पुरेसं पीईए असणं कठीण, कारण ते डिटर्जंट मुळात स्वस्त नाही. शिवाय नामांकित बाटल्यांची नक्कल होते. रस्त्यावरच्या स्टॉलपेक्षा बिल देणारं दुकान बरं.

काय टाळायचं तेही सांगतो. एक म्हणजे धातूची संयुगं : एमएमटी, म्हणजे मँगनीजचं, आणि फेरोसिन, म्हणजे लोखंडाचं. ती मुख्यतः ऑक्टेन बूस्टरमध्ये असतात. जळल्यावर त्यांची लालसर-तांबूस राख स्पार्क प्लगवर बसते, आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही ती मानवत नाही. बीएस-६ गाडीचा कन्व्हर्टर बदलायचा खर्च एकदा विचारून बघा, मग दोनशे रुपयांची बाटली किती स्वस्त आहे ते कळेल.

दुसरं, ‘इथेनॉल प्रोटेक्टर’. ई२० सगळीकडे आल्यापासून या बाटल्यांचा पूर आलाय. काहींत गंजरोधक असतो, त्याचा थोडाफार उपयोग मान्य. पण इथेनॉलमुळे फुगलेला जुना रबरी पाइप बाटलीने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. आणि ‘टाकीतलं पाणी शोषून घेते’ म्हणून अल्कोहोलची बाटली विकणाऱ्यांचं कौतुक वाटतं. ३७ लिटरच्या टाकीत ई२० असेल तर त्यात ७.४ लिटर अल्कोहोल आधीच आहे. त्यात आणखी शंभर मिलिलिटरने काय होणार?

पायरी चौथी : बाटली की प्रीमियम पेट्रोल?

हा प्रश्न सगळे विचारतात. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर, शेलचं व्ही-पॉवर यांत डिटर्जंट असल्याचं कंपन्या सांगतात, आणि नियमित भरलं तर ते इंजेक्टर स्वच्छ ठेवायला मदत करतं. मात्र ऑक्टेन आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल साध्या वॅगन-आरमध्ये भरून ना ताकद वाढते ना इंजेक्टर जास्त स्वच्छ होतात. तो आकडा इंजिनात टिकटिक न होऊ देण्याचा आहे.

हिशेब असा. समजा प्रीमियम लिटरला सात रुपयांनी महाग आहे आणि तुम्ही महिन्याला ६० लिटर भरता. महिन्याला ४२० रुपये, वर्षाला पाच हजारांच्या वर. पीईएच्या दोन चांगल्या बाटल्या त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात येतात. पंपातल्या डिटर्जंटची मात्रा थर धरू न देण्याइतकी असते, धरलेला थर सोडवायला बाटलीची मात्रा लागते. म्हणून साध्या गाडीला साधं पेट्रोल आणि वर्षातून एखादी बाटली. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीला कंपनीने ९५ ऑक्टेन सांगितलं असेल तर ते ऐका, तो प्रश्न वेगळा.

अमेरिकेत राहणाऱ्यांना हा हिशेब करावाच लागत नाही. तिथे बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये ‘टॉप टिअर’ हे डिटर्जंटचं मानक सुरू केलं. ती खूण असलेल्या पंपावर, मग तो कॉस्टकोचा का असेना, साधं पेट्रोल भरलं तरी पुरतं.

गाडीचं मॅन्युअलही उघडा. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये, चांगल्या डिटर्जंटचं पेट्रोल मिळत नसेल आणि इंजिन नीट चालत नसेल तर ठरावीक अंतराने ॲडिटिव्हची एक बाटली टाका, इतर ॲडिटिव्ह मिसळू नका, अशा आशयाची सूचना असते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात याउलट काही असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर पुस्तक खरं धरा.

पायरी पाचवी : किती, कधी, कसं

बाटली टाकण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे सर्व्हिसिंगच्या आधीची टाकी. डिटर्जंटचा थोडा भाग न जळलेल्या पेट्रोलबरोबर पिस्टन रिंगांवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतो. म्हणून क्लीनरची टाकी संपवावी आणि मग ऑइल बदलावं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं : सर्व्हिस सेंटरमध्ये नवं ऑइल भरतात आणि त्याच दिवशी टाकीत बाटलीही रिकामी करतात. यात लगेच काही बिघडतं असं नाही, पण क्रम चुकतो. शक्य असेल तर स्वतःची बाटली आणून महिनाभर आधी टाका आणि बिलातली ती ओळ खोडून घ्या.

मात्रा. पुष्कळ आयात बाटल्या मोठ्या टाकीच्या हिशेबाने भरलेल्या असतात. समजा ३०० मिलिलिटरच्या बाटलीवर ६० लिटरसाठी असं लिहिलंय. म्हणजे लिटरला ५ मिलिलिटर. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, म्हणून १८५ मिलिलिटर टाकायचं. उरलेलं झाकण घट्ट लावून सावलीत ठेवायचं. अर्ध्या भरलेल्या टाकीत पूर्ण बाटली ओतली तर मात्रा तिप्पट होते. जास्त टाकल्याने जास्त साफ होत नाही, उलट सुटलेले मोठे तुकडे आणि ऑइलमध्ये उतरणारं डिटर्जंट हे दोन नवे प्रश्न तयार होतात. दोन कंपन्यांच्या बाटल्या एकत्र तर कधीच नाही. मोटरसायकल-स्कूटरची टाकी पाच ते पंधरा लिटरची असते. तिच्यासाठी छोट्या बाटल्या वेगळ्या मिळतात, कारची बाटली अंदाजाने ओतू नका.

कृती साधी आहे. टाकी पाव उरली असताना पंपावर जा. इंजिन बंद करून आधी क्लीनर ओता आणि त्यावर टाकी भरा, म्हणजे पेट्रोलच्या धारेने ते ढवळलं जाईल. फनेल बरोबर असू द्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर डाग राहतो. हातमोजे घातलेले बरे. हे द्रव कातडीलाही चांगलं नाही. मग ती टाकी पाव उरेपर्यंत मध्ये पेट्रोल भरू नका, नाहीतर मात्रा पातळ होते. आणि ती टाकी शक्यतो लांबच्या प्रवासात संपवा. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत आलात की बरीचशी संपते, आणि इंजिन सलग गरम राहिल्याने डिटर्जंटला काम करायला वेळ मिळतो. लक्ष्मी रोडवर पार्किंग शोधत संपवलेल्या टाकीतून तेवढा फायदा होत नाही.

बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याच्या उन्हात बंद गाडी किती तापते हे सांगायला नको, आणि हे सगळे द्रव ज्वालाग्राही आहेत.

किती वेळा? लहान-लहान फेऱ्यांची शहरी गाडी असेल तर दहा हजार किलोमीटरला एकदा, म्हणजे साधारण दर सर्व्हिसिंगआधी. हायवेची गाडी असेल आणि तक्रार नसेल तर वीस हजारांनाही चालेल. गाडी नवी कोरी असेल तर पहिली दोन वर्षं विसरून जा. गावाकडे महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल, विशेषतः कोकणात पावसाळाभर, तर तिला क्लीनर नव्हे, पेट्रोल शिळं होऊ न देणारा फ्युएल स्टॅबिलायझर लागतो, आणि टाकी जवळजवळ भरून ठेवावी लागते, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या आजच्या इंजिनांत, दाब १६०० ते २००० बार आणि त्याहून वर असतो, इंजेक्टरची भोकं आणखी बारीक. इथे डिटर्जंटइतकंच महत्त्व पाण्याला आहे. फिल्टरखालचा वॉटर सेपरेटर वेळेवर रिकामा करा आणि फिल्टर कंपनीचाच घाला. ॲडिटिव्ह घेताना ‘डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) चालणारं’ असा स्पष्ट उल्लेख हवा. सीटेन, म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेतं त्याचा आकडा, वाढवणारा घटक असेल तर थंडीत इंजिन लवकर उचलतं, पण तो काही सफाई करत नाही. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा डिझेलमध्ये थोडं पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याचा उपाय जुन्या पंपांच्या काळात कदाचित खपला असेल. आजचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, तो यात जातो.

आणि धूर स्वच्छ करायला काही डिझेल गाड्यांत लागणारं ॲडब्लू हे डिझेलचं ॲडिटिव्ह नाही. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. ते पाणी आणि युरियाचं मिश्रण आहे. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीला हात लावू नका, सेल तर मारूच नका. गाडी टो करून न्या आणि टाकी उपसा. चावी फिरवल्यावर पंप ते पुढे ढकलतो आणि मग इंजेक्टरसकट सगळी इंधनव्यवस्था बदलायची पाळी येऊ शकते.

बाटलीने फरक पडला नाही तर

एका टाकीत न्यूट्रलची थरथर कमी व्हायला लागते, दुसऱ्या टाकीपर्यंत जे व्हायचं ते होतं. आधी फ्युएल ट्रिमचा आकडा लिहून ठेवला असेल तर तुलना करा. कानाला आणि पायाला जे जाणवतं त्यात पैसे खर्च केल्याचं समाधानही मिसळलेलं असतं. दोन टाक्यांनंतर काहीच फरक नसेल तर तिसरी बाटली घेऊ नका.

मग इंजेक्टर काढून बेंचवर तपासून घ्या. मोठ्या शहरांत हे काम करणारी फ्युएल इंजेक्शनची गॅरेजं आहेत. ते इंजेक्टर अल्ट्रासोनिक टाकीत घालून साफ करतात आणि काचेच्या नळ्यांत चारही इंजेक्टरचा फ्लो समोर दाखवतात. काम देताना सफाईआधीचं आणि नंतरचं रीडिंग दोन्ही मागा, नुसतं ‘झालं साहेब’ चालणार नाही. नवे ओ-रिंग आणि आतली बारीक जाळी बदलल्याची खात्री करून घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरला टोकाशी टेफ्लॉनची सील असते, ती एकदा काढली की नवीच घालावी लागते आणि बसवायला वेगळं टूल लागतं. ते टूल गॅरेजमध्ये आहे का, हे इंजेक्टर खोलायच्या आधी विचारा.